कासा ग्विदीतले बिऱ्हाड

एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग हे नाव इंग्रजी कविता वाचलेल्या मंडळींना ठाऊक असते ते बहुधा एका प्रेमकथेपायी. चाळिशीला टेकलेली, वर्षानुवर्षे खोलीबाहेर न पडलेली आजारी कवयित्री. तिच्याहून सहा वर्षांनी लहान असलेला कवी रॉबर्ट ब्राउनिंग. मुलांपैकी कोणी लग्न करूच नये असा हट्ट धरून बसलेले तिचे वडील. आणि अखेर चोरून लग्न लावून दोघांनी इटलीला केलेले प्रयाण. या कथेवर नाटक झाले, चित्रपट निघाले. पण दोघे लंडन सोडून निघाली की पडदा पडतो. त्यानंतर बाई आणखी पंधरा वर्षे जगल्या, आणि त्यांतली बरीचशी त्यांनी फ्लॉरेन्स शहरी एका भाड्याच्या घरात संसार करून काढली, ही गोष्ट जाताजाता एका ओळीत आटोपण्यात येते.

मला स्वतःला त्या पंधरा वर्षांचेच कुतूहल पहिल्यापासून अधिक. परक्या मुलुखात प्रवासी म्हणून जाणे निराळे आणि तिथे बिऱ्हाड मांडणे निराळे. बिऱ्हाड म्हटले की घरमालक आला, भाडे आले, स्वयंपाकी आला, बाळंतपण आले, दाई आली, खालच्या दुकानदाराची उधारी आली. आपण वडोदऱ्याची मराठी माणसे. आपल्या घराण्यांतला कोणी एक पुरुष गायकवाडांच्या पाठीमागे इकडे आला आणि इकडचाच होऊन राहिला. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका वाटू नये.

बाईंचा जन्म 1806 सालचा, उत्तर इंग्लंडातल्या डरहॅम परगण्यातला. बारा भावंडांत त्या सर्वांत वडील. घर श्रीमंत, पण ती श्रीमंती जमेकातल्या उसाच्या मळ्यांची, म्हणजे गुलामांच्या घामाची. बाईंना पुढे या गोष्टीची फार खंत वाटत असे, आणि गुलामगिरीविरुद्धची त्यांची एक जळजळीत कविता प्रसिद्धही आहे. तरी हेही सांगितले पाहिजे की, इटलीतला त्यांचा संसार जमेकातल्या चुलत्याने मागे ठेवलेल्या रकमेच्या आधारानेच पुष्कळसा चालला. लहानपणी त्यांनी ग्रीक आणि लॅटिन आत्मसात केली. पंधराव्या वर्षाच्या सुमारास दुखणे जडले ते जन्मभराचे. डॉक्टरांनी अफूचा अर्क सुरू केला, तोही जन्मभर सुटला नाही. 1840 मध्ये लाडका भाऊ एडवर्ड समुद्रात बुडाला. हवापालटाच्या गावी त्याला आपणच थांबवून घेतले, या विचाराने त्या खचल्या. पुढची काही वर्षे लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरच्या घरात, बंद खिडक्यांच्या खोलीत, फ्लश नावाच्या कुत्र्याच्या सोबतीने गेली. 1844 मध्ये त्यांचा कवितासंग्रह निघाला आणि नाव झाले. 1845 च्या जानेवारीत रॉबर्ट यांचे पहिले पत्र आले, मे महिन्यात भेट झाली. 12 सप्टेंबर 1846 रोजी लग्न लागले, आणि आठवडाभराने दोघे विल्सन नावाची मोलकरीण व फ्लश यांना घेऊन निघाली. वडिलांनी मुलीचे तोंड पुन्हा पाहिले नाही.

पहिला मुक्काम पिसा शहरी पडला. नवपरिणीत जोडप्याला स्वयंपाकघर मांडण्याची विद्या अर्थातच नव्हती. जवळच्या खाणावळीतून जेवणाचा डबा येई, त्यातच सगळे भागे. आयुष्यभर अन्नावर वासना नसलेल्या बाई इथे जेवू लागल्या, थोडी थोडी किआंती मद्यही घेऊ लागल्या, चालू लागल्या. हवा मानवली म्हणावे तर विल्सनला तीच हवा बाधली आणि ती अंथरुणाला खिळली. आजवर जिला दुसऱ्याने वाढून द्यायचे तिने आता चहा-कॉफी स्वतः करायला घेतली. चरित्रकार या प्रसंगावर फारसे रेंगाळत नाहीत. माझ्या मते मात्र बाईंच्या संसाराची सुरुवात मॅरिलबोनच्या देवळात न होता त्या किटलीपाशी झाली.

1847 च्या एप्रिलात मंडळी फ्लॉरेन्सला आली. उन्हाळा वाढला तेव्हा वालोंब्रोसाच्या डोंगरावरच्या मठात दोन महिने काढावे असा बेत केला. मठाच्या महंतांनी पाच दिवस ठेवून घेतले आणि मग बोळवण केली, कारण स्त्रियांचे वास्तव्य तिथे वर्ज्य. मिल्टनने आपल्या महाकाव्यात ज्या स्थळाचे नाव घेतले, तिथून इंग्रजीतल्या एका मोठ्या कवयित्रीला स्त्री म्हणून परत फिरावे लागले. दोघांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली. उतरून आल्यावर घर शोधले, ते पित्ती राजवाड्याच्या शेजारी, सान फेलिचे देवळासमोर असलेल्या ग्विदी घराण्याच्या जुन्या वाड्यात. हेच ते कासा ग्विदी. तस्कनी हे त्या काळी स्वतंत्र संस्थान होते, आणि त्याचा अधिपती ग्रँड ड्यूक दुसरा लिओपोल्ड पित्ती राजवाड्यात राही. आपल्याकडे सरकारवाड्याच्या आसपास घर असले की जो एक रुबाब वाटत असे, तसलाच थोडासा या जागेतही होता.

पण घर मिळाले म्हणजे टिकले असे नव्हे, हे आपल्यातल्या जुन्या भाडेकरूंना सांगायला नको. त्या वर्षीच्या हिवाळ्यासाठी त्यांनी कासा ग्विदी सोडून जवळच्याच व्हिया माज्जोवर खोल्या धरल्या. राहायला गेल्यावर कळले की तिथे ऊनच येत नाही. बाईंच्या फुप्फुसांना ऊन हे औषध. रॉबर्टसाहेबांनी दिलेल्या भाड्यावर पाणी सोडले आणि पित्ती चौकात, दक्षिणेकडे तोंड असलेल्या चिमुकल्या खोल्या घेतल्या. अडगळीसारखी जागा, पण ऊन भरपूर. दर मोसमाला असे स्थलांतर परवडणार नाही हे दोघांच्या ध्यानात आले. 1848 च्या मे महिन्यात त्यांनी कासा ग्विदीतल्याच खोल्या पुन्हा घेतल्या, या वेळी सामानाशिवाय. भाडे वर्षाला 25 गिनी. लंडनमध्ये एवढ्यात साधी दोन खोल्यांची जागा मिळायची मारामार. इथे राजवाड्याजवळ मोठमोठाली दालने मिळाली.

मग सामान जमवणे आले. रॉबर्टसाहेब हिशेबाला अत्यंत काटेकोर. आयुष्यात कोणाचे देणे ठेवायचे नाही हा त्यांचा बाणा. पण जुन्या बाजारात शिरले म्हणजे हात सैल होई. मोडीत निघालेल्या मठांतली कोरीव कपाटे, काळवंडलेली जुनी चित्रे, भिंतीवर टांगायचे विणलेले पडदे असे एकेक करत घर भरले. त्यांची ही खोड शेवटपर्यंत टिकली. 1860 मध्ये सान लोरेन्झो चौकातल्या जुन्या बाजारात त्यांना एका लिऱ्याला एक पिवळी पडलेली बाडवजा पोथी मिळाली. सतराव्या शतकातल्या रोममधल्या एका खून-खटल्याचे कागद तिच्यात बांधलेले होते. त्या एका लिऱ्याच्या खरेदीतून पुढे ‘द रिंग अँड द बुक’ हे त्यांचे सर्वांत मोठे काव्य निघाले.

आता शेजाराविषयी. या ठिकाणी बाईंच्या भक्तांना न आवडणारी एक गोष्ट मला सांगितली पाहिजे. ब्राउनिंग दांपत्याकडे इटालियन शेजाऱ्यांची ये-जा जवळजवळ नव्हतीच. फ्लॉरेन्समध्ये इंग्रजांची मोठी वसाहत होती. त्यांची वाचनालये, त्यांचे डॉक्टर, त्यांचे चहा, त्यांच्या कुटाळक्या असे सगळे त्यांचे त्यांच्यापाशी होते. ब्राउनिंग मंडळी या वसाहतीपासूनही जरा फटकूनच राहत, पण जे मित्र जमले ते इंग्रज आणि अमेरिकन: शिल्पकार हायरम पॉवर्स, शिल्पकार विल्यम स्टोरी, मार्गारेट फुलर, आणि बेल्लोस्ग्वार्दोच्या टेकडीवर राहणाऱ्या इझा ब्लॅग्डन, ज्यांच्या आईकडून हिंदी रक्त आले आहे असे त्या काळी बोलले जाई. बाई दान्ते मुळातून वाचत. पण बाजारातले तस्कनी बोलणे त्यांना जड जाई. त्यातून बाहेर पडणे थोडेच. उन्हाळ्यात तर दिवसभर खिडक्यांचे दरवाजे लावून घ्यायचे, अंजिरे, कलिंगडे आणि बर्फाचे पाणी यांवर दुपार काढायची, आणि ऊन कलले की समोरच्या अरुंद गच्चीवर येरझारा घालायच्या. देवळातल्या वाद्याचा सूर पलीकडून ऐकू येई. अशा बाईला शेजार भेटला तरी कोणता?

तर एक शेजार भेटला खिडकीतून. 12 सप्टेंबर 1847, म्हणजे नेमका लग्नाचा पहिला वाढदिवस. ग्रँड ड्यूकने प्रजेला नागरी पथक उभारण्याची परवानगी दिली होती, आणि आभार मानायला सगळे शहर मिरवणुकीने पित्तीकडे लोटले होते. वकील, पाद्री, कारागीर, खेड्यांतून आलेले शेतकरी, निरनिराळ्या गावांचे जथे आपापले झेंडे घेऊन या खिडक्यांखालून कित्येक तास चालले होते. अनोळखी माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती. ज्या बाईने वर्षानुवर्षे बंद खिडकीआड काढली, ती उशांना टेकून त्या दिवशी उघड्या खिडकीत बसून राहिली. ‘कासा ग्विदी विंडोज’ या त्यांच्या दीर्घकाव्याचा पहिला भाग या दृश्यातून सुचला. दुसरा भाग निराळ्या सुरात आहे. 1849 मध्ये क्रांती झाली, ग्रँड ड्यूक पळाला, लोकांनी जयजयकार केला. मग लोकांनीच त्याला परत बोलावले, आणि मे महिन्यात ऑस्ट्रियाचे सैन्य त्याच खिडक्यांखालून मुकाट चालत आले. बाई फ्लॉरेन्सवासीयांवर संतापल्या. हे लोक गातात छान, लढत नाहीत, असा त्यांचा ग्रह झाला. पाहुण्याने इतक्या लौकर रागावावे का, असा प्रश्न वाचताना माझ्या मनात येतो. पण मग वाटते की, राग हेदेखील आपलेपणाचेच लक्षण असेल. ज्या गावात आपण चार दिवसांचे आहोत, त्या गावच्या नगरपालिकेवर आपण चिडत नाही.

खरा शेजार घरात शिरला तो 1849 च्या 9 मार्चला. दोनतीन गर्भ गेल्यावर, त्रेचाळिसाव्या वर्षी, अफू घेणाऱ्या या अशक्त बाईंना धडधाकट मुलगा झाला. अंगावर पाजण्याची ताकद आईत नव्हती, म्हणून एका दणकट तस्कन दाईला ठेवण्यात आले. मूल वाढले ते तिच्या दुधावर आणि तिच्या भाषेत. नाव रॉबर्ट विडमन. पण विडमन हा शब्द त्याच्या जिभेला वळेना. त्याने त्याचे पेनिनी केले, आणि पुढे तो जन्मभर पेन म्हणूनच ओळखला गेला. पोराचे बोलणे म्हणजे अर्धे इटालियन, अर्धे इंग्रजी. आपण इटालियन आहोत असे तो ठासून सांगे. आईला त्याचे कौतुक वाटे, बापाला थोडी काळजी. आमच्या घरी आजी भाजीवालीशी जे गुजराती बोले ते ऐकून भाजीवाली तोंडाला पदर लावी. आता माझ्या नातवाचे मराठी ऐकून आम्ही हसतो. पेनची हकीकत वाचताना मला हे दोन्ही हसू आठवते.

पुढे सिएनाजवळच्या खेड्यात उन्हाळा काढताना हा मुलगा शेतकऱ्यांच्या बरोबर मेंढ्यांमागे हिंडे, द्राक्षे वाहणारी बैलगाडी हाकी, आणि संध्याकाळी त्याच शेतकऱ्यांना दाल्ल’ओंगारो या देशभक्त कवीच्या कविता वाचून दाखवी. मुलाला मखमलीचे कपडे आणि खांद्यापर्यंत रुळणारे कुरळे केस ही आईची हौस. तशा थाटात गाडी हाकणारे ते पोर गावात किती उठून दिसत असेल! आईने ज्या लोकांना खिडकीतून पाहिले, त्यांच्या अंगणात ते जाऊन बसले होते.

आणि विल्सन. एलिझाबेथ विल्सन हे तिचे पूर्ण नाव, म्हणजे मालकिणीचेच नाव. पण इंग्रज घरांच्या रिवाजाप्रमाणे मोलकरणीला आडनावानेच हाक. ती इटलीला आली तेव्हा तिला ना दान्ते ठाऊक होता ना मिल्टनचे वालोंब्रोसा. बाजारात तिलाच जावे लागे, त्यामुळे बोली तीच भरभर शिकली. ड्यूकच्या शरीररक्षकांपैकी एकाशी तिचे लग्न ठरले होते. तो मागे सरला. मग ब्राउनिंगांच्याच घरातला नोकर फेर्दिनांदो रोमान्योली याच्याशी 1855 मध्ये तिचा विवाह झाला. तो कॅथलिक, ही प्रॉटेस्टंट. त्या वर्षी ब्राउनिंग मंडळींबरोबर इंग्लंडात असताना तिला मुलगा झाला. दुसऱ्या वर्षी मालकीण फ्लॉरेन्सला परत निघाली तेव्हा नोकरीसाठी तीही निघाली, आणि तान्हे मूल इंग्लंडात बहिणीपाशी ठेवून आली. एकीचे मूल सांभाळण्यासाठी दुसरीने आपले दूर ठेवावे, ही गोष्ट आपल्याकडच्या वाड्यांतूनही घडलेली आहे, पण म्हणून ती सोपी होत नाही. त्याआधी तिने पगारवाढ मागितली होती, तीही मिळालेली नव्हती. गुलामांसाठी आणि गिरणीत राबणाऱ्या पोरांसाठी ज्यांची लेखणी पेटली, त्या बाईंना स्वतःच्या मोलकरणीची चार गिन्यांची मागणी अवाजवी वाटली. मी बाईंचा चाहता आहे, पण हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

विल्सनने मग फ्लॉरेन्समध्येच भाड्याने खोल्या देण्याचा व्यवसाय काढला. म्हातारपणी घरच्यांशी भांडून बाहेर पडलेला तऱ्हेवाईक कवी लँडर याला रॉबर्टसाहेबांनी तिच्याच घरी ठेवले. जेवण मनासारखे नसले की तो ताट उचलून खिडकीबाहेर भिरकावी असे सांगतात. ती ते निस्तरून घेई. फ्लॉरेन्सशी तिचे नाते असे नवऱ्याचे, पोटाचे आणि रोजच्या कटकटीचे होते. त्यावर तिने एकही ओळ लिहिली नाही.

फ्लश कुत्र्याची हकीकतही इथे सांगून टाकतो, कारण परदेश सर्वांत आधी त्याला मानवला. लंडनमध्ये कुत्री पळवणाऱ्या चोरांनी त्याला तीनदा पळवून नेले होते, आणि बाईंनी दर वेळी खंडणी भरून सोडवून आणले होते. फ्लॉरेन्समध्ये साखळी सुटली. तो एकटा गावभर हिंडून येई. पिसवांनी मात्र इतका छळला की रॉबर्टसाहेबांना त्याचे रेशमी केस कातरावे लागले. 1854 मध्ये तो गेला आणि कासा ग्विदीच्या तळघरात त्याला पुरण्यात आले.

संध्याकाळी गाड्या घेऊन फिरायला जाण्याचे फ्लॉरेन्सकरांचे ठिकाण म्हणजे आर्नो नदीकाठची काशिने नावाची मोठी बाग. प्रकृती बरी असली की बाईही तिकडे जात. या बागेच्या टोकाला आपल्या मराठी माणसाची एक खूण आहे, म्हणून घटकाभर वाट वाकडी करतो. बाईंना जाऊन नऊ वर्षे झाल्यावर, 30 नोव्हेंबर 1870 रोजी, कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना फ्लॉरेन्समध्ये निवर्तले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर, तिथल्या अधिकाऱ्यांच्या परवानगीने, त्यांचे दहन झाले. 1874 मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली, ती अद्याप आहे. तिचा आराखडा मेजर मँट यांचा, म्हणजे ज्यांनी पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि आपला लक्ष्मीविलास यांची आखणी केली तेच हे. छत्रीतला महाराजांचा अर्धपुतळा घडवणारे फुलर हे फ्लॉरेन्समध्येच स्थायिक झालेले इंग्रज. जिथे संध्याकाळी त्या शहराच्या गाड्या फिरत, तिथेच आमचा एक तरुण राजा कायमचा राहिला.

पुन्हा कासा ग्विदीकडे वळू. 1856 च्या अखेरीस ‘ऑरोरा ली’ हे बाईंचे पद्यातले कादंबरीवजा काव्य निघाले आणि त्याच्या आवृत्तीवर आवृत्ती खपल्या. त्याची नायिका अर्धी इंग्रज, अर्धी तस्कन. आई फ्लॉरेन्सची, लहानपणीच वारलेली. मुलगी इंग्लंडात आत्याकडे वाढते, लेखिका होते, आणि अखेर फ्लॉरेन्सला परत येते. पेनने लुटुपुटीने मागितलेले इटालियनपण आईने आपल्या नायिकेला जन्मानेच देऊन टाकले. त्याच डिसेंबरात त्यांचे दूरचे नातलग केन्यन वारले. त्यांनी दोघांना मिळून अकरा हजार पौंड ठेवल्यामुळे पैशाची विवंचना मिटली. दुसऱ्या वर्षी वडील गेले. मुलीने पाठवलेली पत्रे त्यांनी कधी उघडलीही नव्हती. ती सगळी, लाखेच्या मोहोरा शाबूत, काही वर्षांपूर्वीच परत आली होती. इंग्लंडात परतावे असे काही बाईंसाठी उरले नाही.

1859 मध्ये इटलीच्या स्वातंत्र्याचे युद्ध पेटले. 27 एप्रिलला ग्रँड ड्यूक रक्तपात न होता शहर सोडून गेला, आणि कासा ग्विदीच्या गच्चीवर इटलीचा तिरंगा लागला. पेननेही आपला छोटा झेंडा लावला. बाईंचा सारा जीव या युद्धात. फ्रान्सचा तिसरा नेपोलियन इटलीला सोडवील अशी त्यांची श्रद्धा. रॉबर्टसाहेबांना तो माणूस फारसा विश्वासाचा वाटत नसे, आणि यावरून घरात वादही होत. जुलैत त्याच नेपोलियनने व्हिलाफ्रांका येथे ऑस्ट्रियाशी एकाएकी तह केला, व्हेनिस पारतंत्र्यातच राहिले. बातमी ऐकून बाई अशा कोसळल्या की आता त्या उठत नाहीत असे वाटले. उठल्या आणि इटलीवरच्या जहाल कविता छापल्या. इंग्लंडातल्या टीकाकारांनी त्यांच्यावर तोंडसुख घेतले: बाईने राजकारणात पडू नये, आणि पडलेच तर स्वदेशाविरुद्ध बोलू नये. बारा वर्षे ज्या देशाचे अन्न खाल्ले त्या देशाच्या बाजूने बोलणे हा स्वदेशद्रोह कसा, हे बाईंना कळत नव्हते. मलाही कळत नाही.

1861 च्या 6 जूनला इटलीचा पंतप्रधान काव्हूर वारला. इटली नुकतीच एक राष्ट्र झाली होती. हा घाव बाईंना सोसला नाही. महिनाअखेरीस छाती भरली. आजार फारसा नाही असेच सगळे समजत होते. बैठकीच्या खोलीत पलंग आणला होता. 29 जूनच्या पहाटे, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, नवऱ्याच्या मिठीत त्यांचे प्राण गेले.

1 जुलैला अंत्ययात्रा निघाली तेव्हा त्या रस्त्यावरची दुकाने बंद होती. कोणी हुकूम दिला नव्हता. दुकानदारांपैकी कितीजणांनी बाईंना समोरासमोर पाहिले असेल? बाईंच्या इंग्रजी कविता तर त्यांतल्या कोणी वाचण्याचा संभव नव्हता. मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. वर्तमानपत्रांतून त्यांचे नाव कानांवर असणार, इटलीची कैवारी म्हणून. पण मला वाटते, त्या फळ्या ओढल्या गेल्या त्यांत विल्सनचा वाटा होता, फेर्दिनांदोचा होता, आणि गल्लीत इटालियन बोलत हिंडणाऱ्या त्या कुरळ्या केसांच्या पोराचाही होता. चौदा वर्षे या दुकानांतून तेल, कोळसा आणि पाव वरच्या मजल्यावर जात होता. रॉबर्टसाहेबांनी कधी कोणाची उधारी बुडवली नव्हती. वरच्या खिडकीत कोणी एक आजारी बाई बसते आणि ती आपल्या बाजूची आहे, एवढे रस्त्याला ठाऊक होते.

फ्लॉरेन्स नगरपालिकेने त्याच वर्षी कासा ग्विदीच्या भिंतीवर शिलालेख लावला. मजकूर तोम्मासेओ या विद्वानाचा. त्याचा भावार्थ असा की, या स्त्रीने आपल्या काव्याने इटली आणि इंग्लंड यांना जोडणारी सोन्याची अंगठी घडवली. थडगे इंग्रजांच्या दफनभूमीत आहे. त्याचा आराखडा चित्रकार लेटन यांनी केला. जवळपासच लँडर आहे, आणि 1873 मध्ये गेलेल्या इझा ब्लॅग्डनही.

रॉबर्टसाहेबांनी एका स्थानिक चित्रकाराकडून ती बैठकीची खोली जशीच्या तशी रंगवून घेतली: हिरव्या भिंती, जुनी चित्रे, बाईंची खुर्ची, लहानसे मेज. मग पेनचे लांब केस कापले आणि महिनाभरात मुलाला घेऊन इंग्लंडला निघून गेले. फ्लॉरेन्समध्ये त्यांनी पुन्हा पाऊल टाकले नाही, जरी 1889 मध्ये त्यांचा अंत झाला तो व्हेनिसमध्ये, मुलाच्या घरी. त्या मुलाला बापाने इंग्रज करण्याची पराकाष्ठा केली. ऑक्सफर्डला घातले. पेन तिथे रमला नाही. तो चित्रकार झाला, इटलीला परतला, 1893 मध्ये त्याने कासा ग्विदी विकत घेतले, आणि 1912 मध्ये आसोलो या गावी इटलीतच वारला. म्हाताऱ्या झालेल्या विल्सनला अखेरच्या दिवसांत त्यानेच आपल्या आश्रयाला ठेवले होते.

आज कासा ग्विदीतल्या त्या खोल्या इटन कॉलेजच्या मालकीच्या आहेत. त्या चित्रावरून भिंतींना पुन्हा हिरवा रंग दिला आहे, आणि चार दिवसांपुरत्या त्या भाड्यानेही मिळतात.